डाव्या खांद्याचे पॅड

धाकट्या बाईंविषयी चार ओळी लिहून द्या, असे त्यांच्या नात्यातल्या भाचीने सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. ती म्हणाली, "असं कसं? काका, सहा वर्षं तुम्ही त्यांच्या खाली होतात." हे खरे आहे. माझे शिंप्याचे दुकान तळमजल्यावर आणि बाईंची चित्रे काढायची खोली बरोबर त्याच्यावर. पण एखाद्याच्या खाली असणे म्हणजे त्याला ओळखणे नव्हे. मला त्यांचा आवडता रंग माहीत नाही. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, तेही पडद्यांचे माप घ्यायला. त्यांच्या थोरल्या बहिणीची मापे मला तोंडपाठ होती आणि धाकट्या बाईंची पावले ओळखीची होती. एवढ्या भांडवलावर माणसाबद्दल लिहू नये. पण भाची म्हणाली की इतरांनी याहूनही कमी माहिती असताना चार-चार पाने दिली आहेत. म्हणून लिहितो. चुकले तर तिने खोडावे.

आधी थोरल्या बाईंचे सांगावे लागेल, कारण धाकट्या बाईंच्या सगळ्या चित्रांत त्याच आहेत.

आईवडील लवकर गेल्यावर थोरल्या बाईंनी धाकटीला वाढवले, चित्रकलेच्या शाळेत घातले आणि तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत स्वतःचे काहीच केले नाही. नंतरही केले नाही. तोवर सवय मोडली असावी. धाकट्या बाई एका शाळेत चित्रकला शिकवू लागल्या तरी दोघी एकत्रच राहिल्या. थोरल्या बाई रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरीला होत्या. घरात अशी समजूत होती की ताई मायक्रोस्कोपवर बसते. ही समजूत ताईंनीच करून दिली होती. प्रत्यक्षात त्या नमुन्यांची पेटी वाहायच्या. काचेच्या बाटल्यांनी भरलेली लाकडी पेटी, तिला कातड्याचा पट्टा, पट्टा डाव्या खांद्यावर, आणि लॅबपासून तीन दवाखान्यांपर्यंत पायी फेऱ्या. मी त्यांना एकदा रस्त्यात तशा जाताना पाहिले. त्यांनीही मला पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, हातात पांढरा कोट.

"मास्तर, हा डावीकडून पडतो. काही करता येईल?"

मी माप घेतले. डावा खांदा पाव इंच उतरला होता. उतरलेल्या खांद्यावर आतून जास्तीचे पॅड घातले की कोट सरळ दिसतो. यात गुपित असे काही नाही. मोठ्या हुद्द्याची कितीतरी माणसे माझ्या पॅडांवर ताठ उभी होती. मी तसे सांगितले.

"मग घाला. आणि एक गोष्ट. धाकटीला कळता कामा नये. तिचा डोळा फार तिखट आहे, तुम्हाला ठाऊक नाही. तिच्यासमोर या विषयावर तोंड उघडायचं नाही."

"शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात, बाई," मी म्हणालो. "उघडणार कसं?"

आयुष्यात मी दोन-तीनच विनोद केले. हा त्यातला एक. पुढे तो महागात पडला.

धाकट्या बाईंच्या डोळ्याबद्दल त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते. पहिल्यांदा त्या दुकानात आल्या तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाल्या, "तुमची पाटी उजवीकडे उतरलीय. पाव इंच." त्या गेल्यावर मी स्टुलावर चढून टेप लावली. पाव इंचच होता. अकरा वर्षे ती पाटी तशीच होती आणि एकाही गिऱ्हाइकाला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी मला थोरल्या बाईंची काळजी कळली.

तर त्या डोळ्याला मी बावीस वर्षे फसवले. थोरल्या बाईंचा खांदा उतरत गेला आणि मी पॅडवर थर चढवत गेलो. नुसत्या कोटाला नाही, घरात घालायच्या अंगरख्यालाही. ऐन उन्हाळ्यात त्या घरात अंगभर जाड अंगरखा घालून वावरायच्या आणि थंडी बाधते म्हणून सांगायच्या. एकदा मी म्हणालो, "आता बास करा, ते काम सोडा." त्या म्हणाल्या, "तुमच्या मशिनला पाय मारणं सोडा मग मीही सोडते." त्यानंतर मी बोललो नाही.

मग आठवड्याभराच्या आजारात त्या गेल्या. धाकट्या बाईंनी त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले. एक पांढरा कोट तेवढा ठेवला. वर्षभराने शाळेतून निवृत्त झाल्या आणि माझ्यावरची रिकामी खोली त्यांनी भाड्याने घेतली. मला वाटले, असतील चार दिवस. निवृत्त माणसे पहिल्या वर्षी काही ना काही सुरू करतातच.

त्या रोज आल्या. सकाळी सव्वासातला वर कुलूप वाजे. मग उत्तरेकडच्या खिडकीची खिटी. मग अर्धा तास काहीही नाही. पहिल्या आठवड्यात त्या शांततेने मला घोर लागला. शेवटी चहा द्यायच्या निमित्ताने वर गेलो, तर बाई स्टुलावर बसून कालच्या चित्राकडे बघत होत्या. हात मांडीवर.

"काही अडलंय का?" मी विचारले.

"नाही. कामच चालू आहे."

पावणेआठला पावले सुरू होत. सात पावले मागे, सात पुढे. जमिनीवर त्यांनी माझाच खडू मागून रेघ मारली होती. तिथून चित्र पूर्ण दिसते, जवळून नुसता रंग दिसतो, असे त्यांनी सांगितले. कधी रेघेवर पाठ करून उभ्या राहायच्या आणि लहानशा आरशात चित्र उलटे बघायच्या. उलटे पाहिले की चूक लपत नाही म्हणे. पांढऱ्या कोटासाठी त्या पॅलेटवर चौदा रंग कालवायच्या आणि त्यातला एकही पांढरा नसायचा. मी आयुष्यभर पांढरे कोट शिवले, पण हे मला माहीत नव्हते.

चार वाजता उजेड बदलला की दिवसाचा निकाल. काम पटले असेल तर ब्रश धुतल्याचा आवाज. नसेल तर खरवडणे. दिवसभर लावलेला रंग त्या वाळायच्या आत सुरीने काढून टाकायच्या. सुरीचे पाते चपटे आणि लवचिक होते, पण खाली आवाज यायचा तो करपलेले पातेले घासल्यासारखा. माझी बायको डबा घेऊन आली होती तेव्हा तिने एकदा ऐकला आणि म्हणाली, "वरच्या बाई रोज दूध करपवतात वाटतं."

चार वाजता खरवडले नाही की मला बरे वाटे. तशा संध्याकाळी माझी बटणांची काजेही चांगली पडत. यात माझा काही संबंध नव्हता, पण छत एकच होते.

सगळी चित्रे मिळून एकच काम होते. अकरा कॅनव्हास, प्रत्येक माणसाएवढा, आणि प्रत्येकावर थोरल्या बाई उभ्या. मोरीपाशी उभ्या, इस्त्री करताना उभ्या, बसच्या थांब्यावर, टेलिफोन कानाला लावून, खिडकीशी. मी विचारले, "एखाद्यात बसलेल्या का नाहीत?"

"ताई बसलेली मला आठवतच नाही हो," त्या म्हणाल्या. "दिवसभर मायक्रोस्कोपवर बसून यायची ना. घरी आली की उभीच. पाय मोकळे करत असेल."

मी चहाचा कप उचलून खाली आलो.

पहिली आठ चित्रे त्यांनी जुन्या वह्यांवरून केली. तरुणपणापासून त्या बहिणीची चित्रे चोरून काढायच्या. तशा वह्यांचा ढीग होता. पाच वर्षे लागली. चित्रकलेच्या ज्या शाळेत त्या शिकल्या तिच्या हॉलमध्ये प्रदर्शनाची तारीखही ठरली. राहिलेल्या तीन चित्रांसाठी मात्र त्यांना वही नको होती. प्रत्यक्ष कोटावर प्रत्यक्ष उजेड पडलेला हवा होता. त्या खाली आल्या आणि माझा पुतळा मागून घेऊन गेल्या. शिंप्याकडे असतो तो, लाकडी, एका खांबावर उभा, डोके नसलेला. माझ्याकडे तो चाळीस वर्षे होता. बाई त्याला साहेब म्हणू लागल्या.

"साहेब का?"

"डोकं नाही आणि अंगावर कोट कडक. आमच्या शाळेत असेच होते."

साहेब वर गेले त्या क्षणी मला कळायला हवे होते. कळले दुसऱ्या दिवशी, बाई जिन्यात उभ्या राहून हाक मारू लागल्या तेव्हा.

"मास्तर, तुमचे साहेब डावा खांदा उडवतायत!"

मी वर गेलो. पुतळ्याचे दोन्ही खांदे सारखे. त्याच्यावर थोरल्या बाईंचा कोट. ज्या पॅडने उतरलेला खांदा सरळ दिसायचा, तेच पॅड सरळ खांद्यावर उंचवटा होऊन बसले होते. कोट डावीकडे वर गेला होता, जणू म्हणत होता, मला काय माहीत.

"जमीन उतरती असेल," मी म्हणालो. ही पहिली थाप.

बाईंनी पायाखाली उजव्या बाजूने पुठ्ठा सरकवला. कोट सरळ झाला, साहेब कलले. त्यांनी माझ्याकडून दोऱ्याचे एक रीळ मागून घेतले, दोऱ्याला लोखंडी नट बांधला आणि गवंड्यासारखा ओळंबा सोडला. मग पुठ्ठा काढला. साहेब सरळ झाले, कोट वाकडा. असे दिवसभर चालले. संध्याकाळी चारला खरवडल्याचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर उभे करून विचारले, "ओळंब्याने पुतळा सरळ आहे. टेपने खांदे सारखे आहेत. आता तुम्हीच सांगा. कोट बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

ज्यांच्यासाठी शिवला त्यांच्यासाठी तो बरोबरच होता, अशी मी मनाची समजूत घातली. बाईंनी टेप गुंडाळली. मग म्हणाल्या, "हो. तुमचा कोट चुकायचा नाही. म्हणजे माझा डोळा."

माझ्या शिवणावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी कधी तो मागितला नव्हता.

त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. नवा चष्मा आला. नव्या चष्म्यातूनही साहेबांचा खांदा वरच. मग त्या जुन्या चित्रांकडे संशयाने बघू लागल्या. पाच वर्षे केले ते तरी सरळ आहे का म्हणून प्रत्येक चित्रापुढे ओळंबा सोडून बसल्या. ती आठही सरळ होती. तिथे थोरल्या बाई माझ्या पॅडांसकट उभ्या होत्या. नवव्या कॅनव्हासवर मात्र रोज रंग चढायचा आणि रोज चारला उतरायचा. असे एकोणीस दिवस. मी मोजत नव्हतो, पण छत मोजत होते.

विसाव्या दिवशी बाई दुकानात आल्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्या कधी बसत नसत.

"मास्तर, महिनाअखेर खोली सोडते. हॉलवाल्यांनाही नाही म्हणून कळवीन."

"तीनच तर राहिलीत."

"मला सरळ काय आणि वाकडं काय ते दिसेनासं झालंय. चाळीस वर्षं पोरांना दुसरं काही शिकवलं नाही. रेघ सरळ नाही, पुसा. आता माझीच पुसायची वेळ आली. आणि खरं सांगू का? एवढंच जमत होतं मला. ताईनं जे काही केलं ते या डोळ्यासाठी केलं. तिचंच चित्र येईना, तर मग ते सगळं कशाला होतं?"

त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितले. मी टाचण्यांची डबी उघडली आणि मिटली.

जेवताना मी बायकोला सगळे सांगितले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने घास खाली ठेवला.

"म्हणजे त्या बाईला आपण आंधळ्या झालो असं वाटतंय आणि तुम्ही खाली बसून काजं करताय?"

"मी शब्द दिलाय. तोंड उघडायचं नाही म्हणून."

"मग उघडू नका. एरवी तरी कुठे उघडता? लग्नाला होकार तुमच्या आईनं दिला होता."

"मग करू काय?"

"तुम्हाला येतं काय?"

मला शिवता येते आणि उसवता येते. एवढेच येते.

सकाळी मी वर जाऊन बाईंना म्हणालो, "कोटाचं अस्तर बगलेत सुटलंय. चित्रात येईल. दिवसभर द्या, लावून देतो." अस्तर खरेच सुटले होते, ही थाप नव्हती. बाई म्हणाल्या, "आता कशाला?" पण दिला.

मी आधी अस्तर लावले. मग डावा खांदा आतून उसवला. पॅड बाहेर आले तेव्हा माझाच विश्वास बसेना. मी एकदम एवढे कधीच घातले नव्हते. कोट जुना झाला की नव्यात तेच पॅड घालायचो आणि वर एक थर वाढवायचो. सात थर होते. सातही कापडे मला आठवली. एक कुणाच्या तरी पँटचे, एक माझ्या बायकोच्या गाउनचे, खालचे अगदी पहिल्या वर्षीचे. खांदा शिवून कोट इस्त्री केला. पॅड फेकवेना.

इथे आमच्या दुकानची एक पद्धत सांगायला हवी. उरलेले कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचे. बोटभर चिंधी असली तरी कागदात गुंडाळून, टाचणी लावून, कपड्याच्या खिशात. माझ्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत आहे आणि मी ती कधी मोडली नाही. मी खरे तर पुष्कळ विचार केला असे लिहायला हवे. पण मी विचार केला नाही. हात पद्धतीप्रमाणे चालले. पॅड कागदात गुंडाळले, टाचणी लावली, कोटाच्या खिशात ठेवले आणि कोट वर नेऊन दिला.

खाली येऊन मशिनवर बसलो. वर पावले वाजली नाहीत. मग जिन्यात वाजली.

बाईंनी पुडी माझ्यापुढे कापायच्या टेबलावर ठेवली. "हे काय?"

"उरलेलं."

"कशातून?"

"डाव्या खांद्यातून."

त्यांनी पॅड हातात घेतले. चिमटीत दाबून बघितले. थर मोजले, त्यांचे ओठ हलताना दिसले. मग मी फळीवरून मापांची वही काढली, थोरल्या बाईंचे पान उघडले आणि त्यांच्यापुढे सरकवले. मी काही बोललो नाही, हे नमूद करतो. पानावर दरवर्षीचे माप होते. छाती, कंबर, बाही बहुतेक तेच. डावा खांदा तेवढा दरवर्षी वेगळा.

"पाऊण इंच," त्या म्हणाल्या.

"थोडा जास्तच. शेवटी शेवटी."

"आणि मला दिसलं नाही."

"दिसू नये म्हणूनच होतं ते."

त्यांनी वही मिटली नाही. "कशानं उतरला?"

माझे तोंड बंद होते. पण कोट त्यांच्या हातावर होता. त्यांनी तो उलटा केला आणि डाव्या खांद्यावरून बोट फिरवले. तिथे कापड झिजून विरले होते आणि मी आतून पट्टी देऊन दुहेरी केले होते. दोन बोटे रुंद, कॉलरपासून खाली तिरके.

"इथे पट्टा असायचा," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा टाचण्यांची डबी उघडली.

"मास्तर, मायक्रोस्कोपला पट्टा नसतो."

"नसतो," मी म्हणालो.

त्यांनी पॅड पुन्हा कागदात गुंडाळले. जाताना म्हणाल्या, "काम फार चोख केलंत तुम्ही." ही शाबासकी होती की दुसरे काही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढचे नऊ दिवस वर कुलूप उघडले नाही. बायको म्हणत होती येतील. मी म्हणत होतो खोली सोडणार. दहाव्या दिवशी सव्वासातला कुलूप वाजले. खिडकीची खिटी. अर्धा तास शांतता. मग पावलांऐवजी हाक.

"मास्तर, करवत आहे का?"

मी शेजारच्या सुताराची करवत घेऊन वर गेलो. साहेब खिडकीत उभे होते, अंगावर काही नाही, डाव्या खांद्यावर खडूची रेघ. मी टेप लावली. पाऊण इंच, वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंनी नजरेने मारली होती.

"तुमचा पुतळा आहे. तुम्हीच कापा."

चाळीस वर्षे मी त्या खांद्यांवर कोट बसवले होते. तरी कापला. लाकूड जुने होते, भुसा पिवळा पडला. मग बाईंनी कोट चढवला, बिनपॅडचा, आणि बटणे लावली. कोट डावीकडे खाली आला. त्या बाजूची बाही लांब वाटू लागली आणि पाठीवर कॉलरपासून खाली एक तिरकी घडी पडली. ती घडी मी बावीस वर्षे पडू दिली नव्हती. समोर थोरल्या बाई उभ्या होत्या. पेटी तेवढी नव्हती.

धाकट्या बाई सात पावले मागे गेल्या. खडूच्या रेघेवर उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी आरसा घेतला नाही. मी भुसा झाडून खाली आलो. चार वाजता ब्रश धुतल्याचा आवाज आला.

तीन चित्रे साडेतीन महिन्यांत झाली. नवव्यात थोरल्या बाई दारात उभ्या आहेत, नुकत्याच आल्यासारख्या. दहाव्यात रस्त्याच्या कडेला, आणि खांद्यावर पेटी आहे. पेटी कशी होती ते बाईंनी मला विचारले. मी म्हणालो, सांगणार नाही, पण काढून दाखवतो. खडूने टेबलावर काढून दाखवली. माझ्या चित्राला त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "कडी वर हवी, नाही तर उघडेल." अकराव्यात कोट खुंटीला आहे आणि थोरल्या बाई पाठमोऱ्या, घरातल्या पातळ कपड्यात. तसे त्यांना कुणी कधी पाहिले नसेल. धाकट्या बाईंनी तरी कुठे पाहिले होते? पण खांदा मापात आहे. मी तपासले.

मी भीत भीत विचारले होते, "आधीच्या आठांचं काय? दुरुस्त करायची का?"

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांत ती मला दाखवायची तशी आहे. त्यावर तिनंही बावीस वर्षं मेहनत घेतलीय. तुम्हीही. खरवडू कशी?"

प्रदर्शनाला मी बायकोला घेऊन गेलो. नवा सदरा घातला होता आणि कुठे उभे राहावे ते कळत नव्हते, म्हणून मी नवव्या चित्रासमोर उभा राहिलो. एक चष्मेवाले गृहस्थ आले, पुष्कळ वेळ बघून बाईंना म्हणाले, "काम छानच आहे. मात्र रागावू नका, डावा खांदा जरा चुकलाय."

"हो," बाई म्हणाल्या. "पाऊण इंच आणि वर एक सूत."

गृहस्थ खूश होऊन पुढे गेले. बायकोने मला कोपराने ढोसले. मी चित्राकडेच बघत राहिलो.

त्यानंतरही बाई रोज येत राहिल्या. नवे काही सुरू केले होते. काय, ते मी विचारले नाही. सात मागे, सात पुढे चालू झाले होते एवढे मला पुरे होते. मग एका सकाळी कुलूप वाजले नाही आणि दुपारी भाचीचा फोन आला. झोपेतच गेल्या. त्यांचा ऍप्रन माझ्याकडे राहिला आहे, शिवून, इस्त्री करून. भाचीला मी दोनदा आठवण करून दिली. ती म्हणते राहू द्या.

तो ऍप्रन त्यांनी शिवायला दिला तेव्हा जे बोलणे झाले तेच शेवटचे. तसे त्यात काही नाही, पण भाचीने सगळे लिहा म्हटले आहे. संध्याकाळचे चार वाजून गेले होते आणि त्या जिना उतरून घरी निघाल्या होत्या.

"मास्तर, खिसा सुटलाय."

"ठेवा तिथे. उद्या देतो."

"उरलेलं कापड परत द्या हं."

"खिशाला कुठलं उरतंय, बाई?"

"तुमचा काय भरवसा. आणि तुमचं ते रीळ वरच राहिलंय, ओळंब्याचं. उद्या आणते."

"राहू द्या. संपत आलं असेल."

"संपलं नाही अजून. आणते."